नवी प्रणाली, जुनी दप्तरं

तंजावूरच्या राजवाड्यावरच्या या मालिकेत आज विषय जरा वेगळा आहे. घरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत करताना काम मध्येच फसलं, तर काय करायचं? इतिहासाच्या मालिकेत हे कशाला, असं काहींना वाटेल. पण नवं आणताना जुनं कसं सांभाळायचं, हा प्रश्न या राजवाड्याने दोनशे वर्षांपूर्वीच हाताळला आहे.

दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांनी आपली शक्ती विद्येकडे वळवली. त्यांच्या काळात लिहिण्याच्या किती तऱ्हा एकत्र नांदत होत्या पाहा. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरलेली अक्षरं होती. कागदावरच्या पोथ्या होत्या. रोजचा हिशेब आणि हुकूम मोडीत चालत. १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरला गेला. १८०५ मध्ये राजवाड्यात देवनागरी छापखाना निघाला. १८२०च्या सुमारास राजे काशीयात्रेला गेले, तेव्हा तिथूनही ग्रंथ मिळवले आणि नकलून घेतले.

यातली मुद्द्याची गोष्ट अशी, की कागद आला म्हणून ताडपत्रं फेकली नाहीत आणि छापखाना आला म्हणून पोथ्या रद्दीत गेल्या नाहीत. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले आणि राज्य खालसा झालं, तरी ग्रंथ टिकले. पुढे ए. सी. बर्नेल यांनी इथल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची केली, ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांना खुलं झालं. राजवट बदलली, दप्तर राहिलं.

आता आजच्या काळात या. राजवाड्याजवळ राहणारे माझे एक स्नेही आहेत. घरात तंजावुरी मराठी, बाहेर तमिळ. त्यांच्या आजोबांच्या मोडी कागदांना वाळवी लागली. त्याआधी काढलेले फोटो आणि सहा वर्षं खपून केलेलं देवनागरी लिप्यंतर, एवढंच उरलं होतं, आणि तेही एकाच संगणकात. नवी प्रणाली बसवताना ती अर्ध्यात अडकली. संगणक सुरू व्हायचा, गोल फिरायचा, पुन्हा बंद पडायचा. त्यांचा फोन आला, "कर्नलसाहेब, आजोबांचे कागद दुसऱ्यांदा गेले की काय?"

फौजेत एक सवय लागते. पूल तुटला की आधी माणसं आणि दारूगोळा सुरक्षित करायचा, पुलाचं काम नंतर. दुकानदार त्यांना सगळं पुसून नव्याने प्रणाली टाकून देतो म्हणत होता. ते थांबवलं. प्रणाली पुन्हा मिळते, आजोबांचे कागद मिळत नाहीत.

दुसऱ्या संगणकावर एका पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स तयार केलं. बिघडलेल्या संगणकाची डिस्क कुलूपबंद नव्हती. पेन ड्राइव्हवरून तो सुरू केला, तेव्हा आतल्या सगळ्या फायली दिसल्या. त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि पाच-सहा उघडून तपासल्या. मगच दुरुस्ती. प्रिंटर वगैरे जोडलेली साधनं काढली, दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन मागच्या आवृत्तीवर परतण्याचा पर्याय निवडला. पाऊण तासाने जुनी प्रणाली उभी राहिली. कारणही सापडलं: डिस्कवर जागाच उरली नव्हती. जागा मोकळी केल्यावर दुसऱ्या खेपेला काम सुरळीत झालं.

तरी एक धक्का बाकी होता. लिप्यंतराच्या फायली उघडल्या, तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा. घाबरण्याचं कारण नव्हतं. पूर्वीच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असत. तो फाँट नव्या प्रणालीत नव्हता, एवढंच. विंडोज २००० बरोबर देवनागरीसाठी 'मंगल' आणि तमिळसाठी 'लता' हे युनिकोड फाँट आले, पण जुनी टंकपद्धत घरोघरी पुढेही चालू राहिली. जुना फाँट पुन्हा बसवल्यावर मजकूर दिसू लागला. मग तो युनिकोडमध्ये बदलून घेतला आणि मूळ फायलीही ठेवल्या.

इथे मला सरस्वती महालातली मोडी दप्तरं आठवतात. अक्षर शाबूत आहे, वाचणारे कमी. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळालं ते २०१४ साली. तेव्हा नुसता कागद जपून भागत नाही, तो वाचण्याची किल्लीही जपावी लागते.

म्हणून प्रणाली बदलण्याआधी चार गोष्टी करा. महत्त्वाच्या फायलींच्या दोन प्रती काढा, त्यातली एक घराबाहेर ठेवा. डिस्कवर पुरेशी जागा आहे का बघा. डिस्क कुलूपबंद असेल तर तिची किल्ली कागदावर लिहून ठेवा, नाहीतर फायली समोर असून उघडणार नाहीत. आणि जुने फाँट वेगळे साठवा. काम फसलंच, तर संगणक पुसायला देण्याआधी फायली बाहेर काढा.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचे मोडी कागद असतील, तर या रविवारीच त्यांचे फोटो काढा, आणि मूळ कागद टाकू नका. पुढच्या भागात मोडी दप्तरं कशी वाचायची ते पाहू. नमस्कार.