जोतिबाचा डोंगर आणि पंधरा ऑगस्ट

१५ ऑगस्टला ध्वजवंदन करतांना आम्हां करवीरकरांच्या मनांत आनंदाबरोबर थोडी हुरहूरही असते. १९४७ च्या त्या दिवशीं इंग्रज गेला. परंतु जोतिबाचा डोंगर अद्याप करवीर छत्रपतींच्याच राज्यांत होता. तें राज्य १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य म्हणजे केवळ राजवाडा नव्हे. शाहूमहाराजांनीं १९०२ सालींच संस्थानच्या नोकरींतील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या; शेजारच्या मुंबई इलाख्यांत तेव्हां तसा नियम नव्हता. असें राज्य गेल्याची खंत वाटणाऱ्यास देशद्रोही कसें म्हणावें? उलट, माधवराव बागलांसारखे प्रजापरिषदेचे लोक १९३९ पासून जबाबदार राज्यपद्धतीसाठीं याच दरबाराशीं झगडत होते; त्यांचाही आनंद खोटा नव्हता. आम्हांस दोन्ही पक्ष आपलेच वाटतात.

जोतिबाच्या भक्तांनीं मात्र संस्थानची सरहद्द कधीं मानलीच नाहीं. चैत्री यात्रेंत पहिल्या मानाची सासनकाठी सातारा जिल्ह्यांतील पाडळीची, म्हणजे तेव्हांच्या इंग्रजी मुलखांतली. जोतिबा कुलदैवत मानणाऱ्या शिंद्यांचें ग्वाल्हेर संस्थानही १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालें. पाडळीची काठी आजही दरवर्षीं डोंगर चढते.