पुतळीचं माहेर

आजीच्या पुतळ्यांच्या माळेत एक पुतळी निराळी होती. बाकीच्या सगळ्या पातळ पत्र्याच्या, ठशावर ठोकून लक्ष्मी उमटवलेल्या. ही जाड, वजनदार, कडेला थोडी वाकडी आणि बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेली. आजी तिला रामसीतेची पुतळी म्हणायची. लहानपणी मी त्यात रामसीता शोधायचे. उभी काठी आणि तिच्या दोन बाजूंना दोन माणसं, एवढंच दिसायचं. डावीकडचा ताठ उभा, उजवीकडचा गुडघे टेकलेला. धनुष्य काही सापडायचं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी जुन्या नाण्यांच्या एका पुस्तकात हीच जोडी भेटली आणि मी चमकले. उभा आहे तो संत मार्क, व्हेनिस शहराचा रक्षणकर्ता. त्याच्यापुढे गुडघे टेकून निशाण स्वीकारणारा तो तिथला डोज, म्हणजे त्या गणराज्याचा निवडून दिलेला प्रमुख. मधली काठी त्या निशाणाची. मागच्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त. आजीच्या गळ्यात पिढ्यानपिढ्या फिरलेला राम हा असा सातासमुद्रापलीकडचा होता.

हे नाणं डुकॅट. व्हेनिसने ते 1284 मध्ये पहिल्यांदा पाडलं. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. डोज बदलले, नाण्यावरची नावं बदलली, पण 1797 मध्ये नेपोलियनने ते गणराज्य बुडवेपर्यंत वजन, कस आणि चित्र जवळजवळ तेच राहिलं. पाचशे वर्षं! पुतळीच्या कुळकथेत हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. युरोपला मिरी हवी होती, कापड हवं होतं, आणि बदल्यात इकडे खपेल असा माल तिकडे फारसा नव्हता. म्हणून सोनं यायचं. इजिप्त, तांबडा समुद्र, एडन असं करत ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं. चौल, दाभोळच्या सराफाला लॅटिन अक्षरं वाचता येण्याची गरजच नव्हती. कसोटीवर एक रेघ ओढली की नाणं स्वतःच बोलायचं.

अक्षरं वाचायची नसली की चित्र हेच नाव होतं. नाण्यावर छोट्या छोट्या आकृत्या, बाहुल्या, म्हणून पुतळी. शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी सभासदाच्या बखरीत आहे, तिच्यात मोहरा आणि होनांबरोबर पुतळ्याही मोजलेल्या आहेत. म्हणजे पुतळी आधी चलन, मग दागिना. तमिळ मुलखात याच नाण्याला 'शाणार काशु' म्हणत. शाणार म्हणजे ताडी काढणारा. तिथल्या माणसांना निशाणाची काठी ताडाच्या झाडासारखी दिसली आणि डोज त्यावर चढणारा वाटला. ज्याला रोज जे दिसतं, ते त्याने नाण्यात पाहिलं.

नाणं गळ्यात घालायची आपली खोड मात्र व्हेनिसहून कितीतरी जुनी. सातवाहनांच्या काळात रोमची नाणी दख्खनेत येत होती. मराठवाड्यातल्या तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला मातीचे लोलक सापडलेत, त्यांच्यावर रोमन नाण्यांचे ठसे आहेत आणि ओवायला वर कान काढलेला आहे. खरं नाणं परवडलं नाही, तरी त्याची मातीची प्रतिकृती हौसेने घालणारी कोणीतरी बाई तेरला राहत होती. तिच्याबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो.

नाण्याचा दागिना करताना सोनार ते आटवत नाही. भोकही पाडलं नाही तर उत्तम, कारण तेवढं सोनं जातं. वरच्या कडेला छोटी कडी झाळायची, की झालं. मग पटवेकरी ती नाणी रेशमात गाठवतो आणि मागे गोंडा सोडतो. नाणं जसंच्या तसं राहतं. अडीनडीला धागा सोडवून एक पुतळी काढली, सराफाकडे नेली, माळ पुन्हा गाठवली. शेजारणीला पत्ताही नाही. बाईच्या नावावर शेत नव्हतं, घर नव्हतं, पण ही माळ तिची होती. राणीछाप रुपयाला कडी लावून केलेल्या माळांचंही हेच. एक रुपया बरोबर एक तोळ्याचा. 1940 मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला, आणि जुने बंदे रुपये ट्रंकांत आणि गळ्यांत जाऊन बसले.

खरे डुकॅट पुरेनात तेव्हा इकडच्याच सोनारांनी तसे ठसे खोदले. अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या, ताऱ्यांचे ठिपके झाले, आणि पुढे संतांच्या जागी लक्ष्मी येऊन बसली. याला नक्कल म्हणणं मला पटत नाही. परक्या घरची मुलगी सून होऊन येते आणि हळूहळू तिचा चेहराही या घरचा होतो, तसं हे झालं.

शब्दाचा प्रवास तर अजूनच सुंदर. डुकॅटचं दुसरं नाव 'झेक्किनो'. ते 'झेक्का'वरून, म्हणजे टांकसाळीवरून आलं, आणि झेक्का आला अरबी 'सिक्का'वरून. आपला सिक्का तोच. झेक्किनोचं फ्रेंचांनी 'सिक्विन' केलं, आणि आज ब्लाऊजवर टाचायच्या चमकत्या टिकलीलाही सिक्विनच म्हणतात.

आजी गेल्यावर माळेचा धागा कुजला होता. एका दुकानात सगळं आटवून नवीन घडवा असं सांगितलं, तेव्हा मी माळ उचलून बाहेर आले. म्हाताऱ्या पटवेकऱ्याने ती तांबड्या रेशमात गाठवली, जाड पुतळी मधोमध घेतली आणि विचारलं, "ताई, हिची कुठली बाजू वर ठेवू?"

"रामसीतेची," मी म्हटलं.