साथीचे दप्तर

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबास जातपडताळणीसाठी पणजोबांचा पुरावा हवा असला, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल शोधावी लागते. मध्यप्रांताच्या अमलात जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर पोहोचविण्याचे काम ज्या गावकोतवालाकडे होते, त्याच्याच नावाने ते दप्तर अद्याप ओळखले जाते. 1918 च्या शरदात इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आली, त्याच वर्षी पावसाने दगा दिला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांतांत मृत्यूचे प्रमाण मध्यप्रांत-वऱ्हाडातच सर्वाधिक ठरले. तथापि त्या संहाराची नोंद बहुधा ‘ताप’ एवढ्याच सदरात झाली, आणि वर्दी देणारेच जेथे अंथरुणास खिळले तेथे तेवढीही झाली नाही. रसेलकृत जिल्हा गॅझेटियर 1908 चे, म्हणजे साथीच्या आधीचे, म्हणून तेही येथे उपयोगी नाही. देवीच्या रोगाचे भय गावोगावच्या मातामाय या देवतेच्या ठाण्याने पिढ्यानुपिढ्या जागते ठेवले. इन्फ्लुएन्झाच्या वाट्याला असे ठाणे आले नाही.

कोरोनाची स्मृती मात्र प्रथमपासून भ्रमणध्वनीत साठत गेली. एप्रिल 2021 मध्ये खाट, प्राणवायू आणि रेमडेसिव्हिर यांसाठीच्या याचना व्हॉट्सअॅपच्या गटांतून रात्रंदिवस फिरत होत्या. अंत्ययात्रेस मोजक्याच माणसांना मुभा असल्यामुळे आणि तेरवीस आप्तेष्ट जमू न शकल्यामुळे, मृताविषयी चार शब्द बोलण्याची जागाही तोच गट झाला. कित्येक घरांत त्या शोकाचा दुसरा लेख नाही, म्हणून त्या संदेशांना मी अस्सल ऐतिहासिक साधन मानतो.

परंतु या साधनातून काय पुन्हा वर यावे, याचा निवाडा गाव करीत नाही. फेसबुक दरवर्षी त्याच तारखेस जुनी छायाचित्रे समोर आणते, आणि त्यांत 22 मार्च 2020 चा थाळीनाद व 5 एप्रिलचे दिवे सहज परततात. लाखनी-साकोलीवरून छत्तीसगडकडे पायी गेलेल्या मजुरांची चित्रे इतरांनी टिपलेली, आणि रोवणीच्या ज्या मजूर बाईजवळ भ्रमणध्वनीच नव्हता तिचे तर काहीच नाही. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके गेली. ती आपत्ती साथीची नव्हे, तरी त्याच काळातील त्याच पडद्यांवरून ती देशभर पसरली, आणि बाहेरच्यांच्या मनात भंडारा व साथीचा काळ यांची सांगड तेथेच घातली गेली. 6 ऑगस्ट 2021 रोजी अखेरचा रुग्ण घरी जाऊन हा जिल्हा महाराष्ट्रात प्रथम कोरोनामुक्त झाला, हे त्या मानाने फार थोड्यांच्या स्मरणात आहे. ज्या आरोग्यसेविका, आशाताई आणि ग्रामसेवक यांच्या श्रमाने तो दिवस उगवला, त्यांची हकीकत सविस्तर लिहिली जाणे हे मला अत्यावश्यक वाटते.

भ्रमणध्वनी बदलतात, गट मोडतात, आणि हा संग्रह कोणत्याही कचेरीच्या ताब्यात नाही. तरी ज्यांच्याजवळ 2021 चे ते संदेश शाबूत आहेत, त्यांनी घरच्यांची संमती घेऊन, नाव, गाव व तारीख यांसह ते कागदावर उतरवावेत आणि गावच्या वाचनालयाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे सुपूर्द करावेत. हे काम पुढच्या पिढीवर ढकलू नये.