तेलाचे तूप कसे झाले?



थंडीच्या दिवसांत पहाटे खोबरेल तेलाची बाटली पाहावी. आतले तेल पांढरे, घट्ट झालेले असते. त्याच फडताळात करडईच्या तेलाची बरणी असते, ते मात्र पातळच्या पातळ. हवा एक, जागा एक, मग एक तेल गोठते आणि दुसरे का गोठत नाही? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तुमच्या-आमच्या हृदयाचे आरोग्यही त्याच्याशी बांधलेले आहे.

या प्रश्नाचा पाया घातला तो फ्रान्समधल्या शेव्हरूल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ १७८६ साली जन्मला आणि चांगला १०२ वर्षे जगला. चरबी आणि साबण यांवर त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चरबी हा एकजिनसी पदार्थ नसून तिच्यात ग्लिसरीन आणि निरनिराळी मेदाम्ले असतात, हे त्याने दाखवले. त्यांतले स्टिअरिक अम्ल सुमारे ६९ अंश उष्णतेला वितळते, तर ओलेइक अम्ल सुमारे १३ अंशांनाच पातळ होते. दोघांत कार्बनचे अणू सारखेच, अठरा. मग हा फरक कशाने पडतो?

आपण मोळीचे उदाहरण घेऊ. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधता येते. वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळा, ती सैलच राहते. मेदाम्लांचे तसेच आहे. ज्या साखळीतल्या प्रत्येक कार्बनला मावेल तेवढा हायड्रोजन मिळालेला असतो, ती साखळी सरळ असते. तिला संपृक्त म्हणतात. जिथे हायड्रोजन कमी पडतो तिथे शेजारचे दोन कार्बन एकमेकांना दुहेरी धरून राहतात आणि साखळीला वाक येतो. ती असंपृक्त. तुपात आणि खोबरेल तेलात संपृक्त भाग जास्त, म्हणून ते थंडीत थिजतात. शेंगदाणा, तीळ, करडई यांच्या तेलांत असंपृक्त भाग जास्त, म्हणून ती पातळ राहतात.

आता माणसाच्या डोक्यात विचार आला: पातळ तेलाला कमी पडलेला हायड्रोजन आपणच दिला तर? फ्रान्समध्ये साबात्ये यांनी निकेल धातूच्या बारीक पुडीच्या साहाय्याने वाफेच्या रूपातल्या पदार्थांना हायड्रोजन जोडून दाखवला. त्याबद्दल त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी हीच युक्ती पातळ तेलावर चालवली आणि १९०२ साली तिचे पेटंट घेतले. १९११ साली अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनवलेला असा घट्ट मेद डब्यांतून बाजारात आला. स्वस्त तेलाचे लोण्यासारखे घट्ट रूप झाले, ते लवकर खवटही होईना. व्यापाऱ्याला आणखी काय हवे?

आपल्या देशात ही वस्तू आधी परदेशातून येत असे. मग १९३२ साली मुंबईत शिवडीला कारखाना निघाला, आणि १९३७ साली 'डालडा' हे नाव आले. पुढे तर कुठल्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले! साजूक तूप ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांच्या घरी सणासुदीला, लग्नकार्यात जिलबी-बुंदी या डब्याने तळली. रिकाम्या डब्यात तुळस लावली, विहिरीवरून पाणी आणले. गरिबाच्या ताटात या तुपाने थोडा थाट आणला, हे नाकारून चालणार नाही.

परंतु शंकाही तेव्हाच उठल्या. महात्मा गांधींनी वनस्पतीविषयी नापसंती दाखवली होती, आणि १९५० च्या सुमारास तिच्यावर बंदी घालावी अशी मागणी देशभर झाली. बंदी आली नाही, दुसरा उपाय झाला. मुख्य तक्रार होती ती साजूक तुपातल्या भेसळीची. म्हणून वनस्पतीत ठरावीक प्रमाणात, शंभरात पाच भाग, तिळाचे तेल घालण्याचा नियम झाला. तिळाच्या तेलाला साखर आणि तीव्र हायड्रोक्लोरिक अम्ल लागले की लाल रंग येतो. त्यामुळे तुपात वनस्पती मिसळली असेल तर ती पकडता येई. युक्ती नामी होती. मात्र ती गिऱ्हाइकाच्या पैशाचे रक्षण करी. वनस्पती म्हणूनच जो ती विकत घेई, त्याच्या प्रकृतीचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

आणि खरा घोटाळा तिथेच होता. कारखान्यात तेलाला हायड्रोजन पुरता न देता अर्धवट दिला जातो, तेव्हा काही साखळ्यांचा वाक जातो, पण दुहेरी जोड तशीच राहते. काटकी सरळ दिसते, मात्र ती संपृक्तही नसते आणि निसर्गातल्यासारखी असंपृक्तही नसते. हिला ट्रान्स मेद म्हणतात. असे मेदाम्ल रसायनशास्त्रज्ञांना १९ व्या शतकापासून ठाऊक होते. ते रक्तावर काय परिणाम करते, हे ठाऊक नव्हते. १९९० साली हॉलंडमधल्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी माणसांवर पद्धतशीर प्रयोग करून दाखवले की, ट्रान्स मेदाने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटते. संपृक्त मेदाने वाईट वाढते खरे, पण चांगले घटत नाही. म्हणजे तुपाला पर्याय म्हणून आणलेली वस्तू तुपाहून वाईट ठरली. डब्यावर 'वनस्पती' हा शब्द होता, म्हणून ती निर्धोक, असा आपला समज होता.

२००३ साली डेन्मार्कने प्रथम कायदा केला: शंभर ग्रॅम मेदात दोन ग्रॅमहून अधिक ट्रान्स मेद नको. आपल्याकडे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. २०२१ च्या जानेवारीत ती शेकडा ३ झाली आणि २०२२ च्या जानेवारीपासून शेकडा २. शिवडीच्या कारखान्यापासून मोजले तर नव्वद वर्षे लागली!

मग आज आपण काय करावे? मेद वाईट, असे मुळीच नाही. एका ग्रॅमला तो नऊ उष्मांक देतो, आणि काही असंपृक्त मेदाम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की, प्रौढ माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी मेदाचे शेकडा ३० पर्यंत असावेत. त्यांत संपृक्ताचे एकूणाच्या शेकडा १० पर्यंत आणि ट्रान्सचे फार तर शेकडा १. तेव्हा वरणभातावर चमचाभर तूप खुशाल घ्या, पण तळण रोज नको. करडई, शेंगदाणा, तीळ यांची तेले आलटून पालटून वापरावीत. जवसाची चटणी आपल्या आजीच्या हातची; तिच्यातले मेदाम्ल तर मोलाचेच आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात काटक्यांच्या दोन मोळ्या बांधून दाखवा, एक सरळ काटक्यांची, एक वाकड्यांची. मग मुलांना बिस्किटाचे रिकामे वेष्टन आणायला सांगा आणि त्यावर संपृक्त व ट्रान्स मेदाचे आकडे शोधायला लावा. वस्तूच्या नावावर न जाता तिच्यात काय आहे हे वाचायची सवय लहानपणी लागली, तर पुढच्या पिढीला नव्वद वर्षे थांबावे लागणार नाही.