कंपवात: दुरून पाहिलेला पाचवा रुग्ण

पार्किन्सन हे नाव आपण आजाराला इतकं चिकटवलं आहे की तो एक माणूस होता हे विसरायला होतं. जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) हा लंडनच्या हॉक्स्टन वस्तीतला डॉक्टर. ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने सरकारविरोधी पत्रकं लिहायचा. १७९४ मध्ये राजाविरुद्धच्या एका कथित कटाच्या चौकशीत प्रिव्ही कौन्सिलने त्याची जबानीही घेतली होती. ते सगळं रंजक आहे, पण आज आपल्याला हवा आहे तो या आजारावरचा त्याचा १८१७ चा छोटासा निबंध.

त्यात रुग्ण फक्त सहा. त्यातले दोघे त्याला रस्त्यात दिसले, त्यांची त्याने विचारपूस केली. एक जुना खलाशी होता. स्पॅनिश तुरुंगात ओल्या जमिनीवर कित्येक महिने पडून राहिल्याने हे दुखणं लागलं, असं त्याचं म्हणणं. पाचव्या रुग्णाला मात्र पार्किन्सनने फक्त दुरून पाहिलं. या गृहस्थांना चालता येत नसे, सुटले की धावतच सुटत. सोबतचा माणूस समोर उभा राहून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. मग ते हलकेच पुढेमागे झुलून तोल साधत, इशारा देत आणि निघत. सोबती चटकन बाजूला होऊन पुढे पळे, वीसेक पावलांवर त्यांना सावरायला तयार.

आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘ज्ञान कुणाचं?’ असा प्रश्न सारखा विचारतो. इथे तो अगदी रस्त्यावर उभा आहे. झुलून तोल साधायचा, इशारा कधी द्यायचा, किती पावलांवर झेलायचं, हे त्या दोघांना कुणी शिकवलं? कुणीच नाही. पडत-धडपडत त्यांनीच शोधलं असणार. निबंधात मात्र ते लक्षण म्हणून नोंदलं गेलं, आणि सोबत्याला तर नावही नाही.

पुढे पॅरिसमध्ये शार्कोने आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. त्याच्या व्याख्यानांत रुग्ण श्रोत्यांपुढे आणले जात, म्हणजे पुन्हा पाहण्यापुरतेच.

चित्र पालटलं ते औषधाने, असं आमचं मत आहे. १९६७ मध्ये कोत्झियस यांनी लेव्होडोपाचे मोठे डोस तोंडावाटे देऊन गुण दाखवला. (हेच द्रव्य दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच खाजकुइलीच्या बियांतून वेगळं काढलं होतं. पण म्हणून कुणी घरी चूर्ण सुरू करू नका. डोसचा हिशेब त्यात राहत नाही.) माणसं हिंडू-फिरू लागली, आणि नवे प्रश्न आले. गोळीचा असर दोन डोसांच्या मध्येच का उतरतो? डाळ-पनीर-अंडं खाल्ल्यावर लगेच घेतली तर ती काहींना कमी का लागू पडते? दवाखान्यातल्या दहा मिनिटांत हे मावत नाही. अमेरिकेत १९५७ मध्येच संस्था निघाल्या होत्या. ब्रिटनमध्ये १९६९ साली माली जेंकिन्स या बाईंनी संस्था काढली, कारण त्यांच्या बहिणीला हा आजार होता. म्हणजे इथे पाचव्या रुग्णाचा सोबतीच बोलायला लागला, म्हणा ना!

आपल्याकडे पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे ‘रुग्ण’ म्हणत नाहीत, ‘शुभार्थी’ म्हणतात. सांभाळणारा तो ‘शुभंकर’. आम्हाला आधी हे शब्द जरा गोडगोड वाटले, खरं सांगायचं तर. पण ‘रुग्ण’ या शब्दात सोबत्याला जागाच नाही. या जोडीत दोघेही आले.

अशा गटांत काय शिकतात? पाय जमिनीला खिळले तर फरशीची रेघ ओलांडल्यासारखं पाऊल टाकायचं, किंवा ‘एक-दोन, एक-दोन’ असा ताल मोजायचा. तालाची ही युक्ती वापरून ब्रुकलिनमध्ये २००१ पासून नाचाचे वर्ग चालतात, पुण्यातही झाले. शिवाय घरच्यांनाही शिकावं लागतं. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, आजोबा हसत नाहीत, आणि सूनबाईंना वाटतं रागावलेत.

त्यातून आपला ‘कंपवात’ हा शब्द. सगळ्याच रुग्णांचा हात थरथरत नाही. कित्येकांची नुसती हालचाल मंदावते, अक्षर बारीक होत जातं. कंप नाही म्हणून घरात कुणाला शंकाच येत नाही. ‘वय झालं’ म्हणतात, नाहीतर ‘आळशी झालाय’, आणि माणूस डॉक्टरकडे पोचेपर्यंत वर्षं गेलेली असतात.