फुसका बार

बोलण्यात ‘फुसका बार’ म्हणजे गाजावाजा फार आणि हाती काही नाही, हसून सोडून द्यायची गोष्ट. खाणीत हाच शब्द अंगावर काटा आणतो. उडालेल्या सुरुंगाचा धोका उडता उडता बराचसा सरतो. न उडालेला सुरुंग दगडात तसाच दडून राहतो, आणि पुढच्या पाळीच्या माणसाची पहार नेमकी त्याच्यावर पडू शकते. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या खाणींकडे या नजरेने पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. शंभर-सव्वाशे वर्षांत स्फोटकं मवाळ होत गेली, तरी नवख्याला शिकवायचं काम काही हलकं झालं नाही, उलट वाढलं. आणि त्या शिकवण्यात रसायनापेक्षा हिशेबच नेहमी मोठा राहिला.

सुरुवात मँगनीजपासून. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६ साली स्थापन झालं आणि विसाव्या शतकाच्या आरंभी भरवेली, उकवा, तिरोडी ही नावं खनिजाच्या बाजारात गेली. एकाने छिन्नी धरून दर घावाला थोडी फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा, अशा रीतीने दगडात भोक पडे; त्यात स्फोटकाची कांडी, कांडीला ती उडवणारी टोपी, टोपीला वात. बिकफर्डची सुरक्षित वात १८३१ची, नोबेलचा डायनामाइट १८६७चा. हा माल नाजूक होता. नायट्रोग्लिसरिन १३ अंशांच्या आसपास गोठतं, आणि बैहर-बिरसाच्या पठारावर हिवाळ्याच्या पहाटे पारा त्याखाली सहज उतरतो. गोठलेली कांडी ऊब देऊन मऊ करणं हा जगभरच्या खाणींत जीव घेणारा उद्योग ठरला होता. पण ब्लास्टरची खरी परीक्षा वात पेटवून आडोशाला गेल्यावर सुरू होई. कान देऊन बार मोजायचे. बारा लावले आणि अकरा ऐकू आले, तर? कदाचित दोन एकदम उडाले असतील आणि आवाज एकच आला असेल. भारतीय नियमांनी ही पळवाट ठेवलेली नाही: आकडा जुळला नाही किंवा नुसती शंका आली, तरी बार चुकला असंच धरायचं आणि वातीचं काम असेल तर अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. ठासलेली माती उकरून कांडी बाहेर काढायलाही मनाई. ठासायला काठी लाकडाची, लोखंडाची नाही. नवा पोरगा मेटाच्या, म्हणजे खाणीतल्या मुकादमाच्या, हाताखाली पहिल्यांदा शिकायचा ते हे: मोजणं आणि थांबणं.

मग बिरसा तहसिलीत मलाजखंड आलं. हिंदुस्थान कॉपरची ही तांब्याची खाण १९८२ साली सुरू झाली आणि जिथे टेकडी होती तिथे दोन किलोमीटरहून लांब खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेला. तांबं शेकड्याला जेमतेम एक भाग. त्यामुळे ढीगभर दगड फोडल्याशिवाय ओंजळभर धातू नाही. इथे घण-छिन्नीचं काम नव्हे. यंत्राने पाडलेली खोल भोकं, त्यांत अमोनियम नायट्रेटवर आधारलेला माल, आणि मिलिसेकंदांच्या अंतराने उडणाऱ्या रांगा. हा माल हातातून पडला तरी सहसा उडत नाही. त्याला जागं करायलाच जोरदार धक्का लागतो. नायट्रोग्लिसरिनची स्फोटकं तर भारतात २००४च्या एप्रिलपासून बंदच झाली. मग शिकवायचं उरलं काय, असा प्रश्न साहजिक पडतो. त्याला उत्तर जर्मनीतल्या ओपाऊने १९२१ सालीच देऊन ठेवलं आहे. तिथे गट्ठ होऊन बसलेलं नायट्रेट-मिश्रित खत फोडायला डायनामाइटच वापरत. हजारो वेळा वापरलं, काही झालं नाही. २१ सप्टेंबरला झालं, आणि पाचशेहून अधिक माणसं गेली. मवाळ मालाचा खरा धोका हाच, की तो माणसाला निर्धास्त करतो. डायनामाइटला निदान माणूस भीत तरी असे. शिवाय रांगेतल्या एखाद्या भोकाचा आवाज आता वेगळा ऐकूच येत नाही. कानाची मोजणी गेली, म्हणून ती नकाशावर, नोंदवहीत आणि बार झाल्यावर ढिगाऱ्याभोवती फिरणाऱ्या डोळ्यांत आणावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. बालाघाटने नक्षलवाद पाहिलेला; अशा जिल्ह्यात हे ज्ञान जितकं झाकलेलं तितकं बरं, असं कुणी म्हणेल. या भीतीला आधार आहे. अमोनियम नायट्रेटवर २०१२चे स्वतंत्र नियम आले, विजेच्या टोप्यांवर २०२५च्या एप्रिलपासून बंदी आली, ती उगाच नव्हे. पण चोरी होते ती ज्ञानाची नव्हे, मालाची. आणि माल गळतो तो हिशेब ढिला असतो तिथून. स्फोटकांच्या कोठीतून किती टोप्या निघाल्या, किती लागल्या, किती परत आल्या, हे तीन आकडे रोज संध्याकाळी जुळवणारा माणूस तयार करणं, हेच या शिक्षणाचं मोठं काम. १८८४चा स्फोटक कायदा, १९६१चे धातुखाण नियम, १९६६चे व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम, सगळ्यांचा रोख परवाना, दाखला आणि वही यांवर आहे. नागपुरात मुख्यालय असलेली पेसो ही स्फोटकांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था कोठीचा परवाना पाहते, धनबादची खाण सुरक्षा यंत्रणा खाणीतलं काम. वही खोटी भरता येतेच, हे मला नाकारायचं नाही. तरी खोटी वही निदान पकडता येते. वहीच नसेल तर विचारायचं कुणाला?

हिशेबाचा परीघही वाढत गेला. ३०० मीटरचं धोक्याचं क्षेत्र, लाल झेंडे, भोंगा, वाटा अडवणारे पहारेकरी, हे जुनंच. खाण सुरक्षा यंत्रणेच्या १९९७च्या परिपत्रकाने जमिनीच्या हादऱ्यालाही मर्यादा घातल्या, म्हणजे खाणीबाहेरच्या घराची भिंतही ब्लास्टरच्या आकडेमोडीत आली.

आता मलाजखंडचा उघडा खड्डा खोल होऊन काम जमिनीखाली वळतं आहे, आणि भरवेलीत भूमिगत कामाने जे फार आधी शिकवलं ते बिरसाला नव्याने शिकावं लागेल. खड्ड्यातल्या बाराचा तपकिरी धूर वाऱ्याने जातो. बोगद्यात तो पंख्यांनी ओढून काढावा लागतो, आणि तो निघेपर्यंत, सगळे बार उडाल्याची खात्री असली तरीही, कुणी आत पाऊल टाकायचं नसतं.