जंगल गेलं, भूक राहिली

हरभरा सोंगणीला आला की आमच्या दर्यापूरकडे मेळघाटातून कोरकू मजूर येतात. शेताच्या धुऱ्यावर पाल ठोकतात, तीन दगडांची चूल मांडतात. त्यांच्यात सोळा-सतरा वर्षांच्या पोरीही असतात, अंगानं वाळलेल्या, एखादीच्या कडेवर मूलसुद्धा. मग गावात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "अज्ञानी लोक. काय खावं तेच कळत नाही."

मला हे पटत नाही. याच लोकांच्या पूर्वजांना काय खावं ते चांगलं कळत होतं! डोंगरउतारावर झाडोरा जाळून त्या राखेत कोदो-कुटकी पेरायची, मोह वेचायचा, कंद खणायचे, शिकार करायची. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि सगळं बदललं. इंग्रजांना सपाटीवरचा कापूस हवा होता आणि डोंगरावरचं सागवान. जंगल सरकारी झालं. जाळून पेरणं बंद, शिकार म्हणजे गुन्हा. वनग्रामांत कोरकूंना राहू दिलं, तेही जंगलखात्याला मजूर लागायचे म्हणून. आपल्याच रानात माणूस चोर ठरला.

स्वातंत्र्यानंतरही रानाचा मालक सरकारच राहिलं. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या झाल्या तेव्हा आपण दचकलो. पण साखळी बघा. रान गेलं तसं ताटातलं अन्न गेलं. मग मजुरीसाठी गाव सोडणं, शाळा सुटणं, लवकर लग्न, अंगात रक्त नसलेली आई आणि कमी वजनाचं बाळ. तेच बाळ पुढे सोळाव्या वर्षी आमच्या धुऱ्यावर येतं.

अमेरिकेतल्या लाकोटा समाजाच्या मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी अशा पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या जखमेला 'ऐतिहासिक आघात' म्हटलं. आपल्याकडे ती जखम भुकेत दिसते, तशीच लाजेतही. बाजारात कोरकू पोरं आपली भाषा दबक्या आवाजात बोलतात.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' कबूल केला. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावानं सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला, तिथली सीताफळं विकली. गावातच काम मिळू लागलं, तसं बाहेर जाणं कमी झालं.

गोळ्या हव्यात, पोषण आहार हवा, दवाखाना तर हवाच. पण चांगला डॉक्टर आधी विचारतो, हे दुखणं कधीपासून? मेळघाटच्या पोरांबद्दल बोलताना आपणही एवढं तरी विचारायला हवं.